सल्ला : "या वयात नाच कसला?"

सांगलीहून एका ताईंचे सविस्तर पत्र आले आहे. त्यातला उत्तरापुरता भाग त्यांच्याच शब्दांत देते.

"माझे वय ६८, यजमानांचे ७४. आमच्या कॉलनीतल्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या हॉलमध्ये दोन महिन्यांपासून सोमवार, बुधवार, शुक्रवार संध्याकाळी पाच वाजता संगीताच्या तालावर व्यायामाचा वर्ग भरतो. शिकवणारी मुलगी पंचविशीची आहे, हसतमुख आहे. पण ती सिनेमातली गाणी इतक्या मोठ्याने लावते की ती काय सांगते ते कळत नाही, आणि आमचे पाऊल बसेपर्यंत पुढची स्टेप सुरू झालेली असते. मला मजा येते, पण गुडघा दुखतो. हे तर येतच नाहीत. 'रोज सकाळी चाळीस मिनिटे चालतो, तेवढे पुरे. या वयात नाच कसला?' असे म्हणतात. गेल्या पावसाळ्यात बाथरूमच्या दारात पाय घसरून ते पडले आणि उजव्या हाताचे मनगट मोडले, तेव्हापासून माझ्या मनात धास्ती आहे. त्यांना रक्तदाबाच्या दोन गोळ्या चालू आहेत, एका कानाला यंत्र आहे. एकादशीला मात्र हेच गृहस्थ देवळात तासभर उभे राहून भजनात टाळ वाजवतात. चालणे पुरेसे असते का? तालावरच्या व्यायामात काही तथ्य आहे, की ते फॅड आहे? शिकवणारी म्हणते याने स्मरणशक्ती वाढते, ते खरे का? आणि मी वर्ग सोडावा, की त्या मुलीला काही सांगावे?"

ताई, सप्रेम नमस्कार.

वर्ग सोडू नका. यजमानांनाही न्या, किंबहुना तुमच्यापेक्षा त्यांनाच त्याची गरज अधिक आहे. मात्र त्यांनी हॉलमध्ये पाऊल ठेवण्याआधी डॉक्टरांकडे एक फेरी व्हायला हवी, आणि वर्गातल्या संगीताची गती व आवाज या दोन गोष्टी बदलायला हव्यात. त्या बदलल्या नाहीत, तर त्या हॉलमधले संगीत तुमच्या उपयोगाचे नाही, उलट अपायाचे आहे, असे मी स्पष्टच म्हणेन.

आधी चालण्याविषयी. रोज चाळीस मिनिटे म्हणजे आठवड्याला २८० मिनिटे झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला आहे, तेव्हा यजमान तेवढ्यापुरते उत्तम गुणांनी उत्तीर्ण आहेत, आणि हे त्यांना आधी सांगा. पण त्याच सूचनांत आणखी दोन गोष्टी आहेत : आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम, आणि किमान तीन दिवस तोल आणि ताकद या दोन्हींवर भर देणारा निरनिराळ्या हालचालींचा व्यायाम. सपाट रस्त्यावर सरळ रेषेत चालण्याने हृदयाला आणि फुप्फुसांना लाभ होतो, साखर आटोक्यात राहायला मदत होते. पण माणूस सरळ चालताना क्वचित पडतो. तो पडतो वळताना, मागे सरकताना, खुंटीवरचा टॉवेल काढायला हात वर करताना, ओल्या पायाने उंबरा ओलांडताना, आणि बहुतेक वेळा लक्ष दुसरीकडे असताना. यजमानांचे पडणे बाथरूमच्या दारातले आहे, म्हणजे चाळीस मिनिटांच्या फेरीत ज्याचा सराव कधीच होत नाही अशा जागचे आहे.

त्यांना उपदेश करण्यापेक्षा एक छोटी परीक्षा घ्या. पुरुषांना आकडा दिला की ते ऐकतात, असा माझा अनुभव आहे. बिनहाताची, पक्क्या पायांची लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. दोन्ही हात छातीवर घडी घालून त्यांनी खुर्चीतून पूर्ण उभे राहायचे आणि पुन्हा बसायचे, असे ३० सेकंदांत किती वेळा होते ते मोजा; तुम्ही मात्र शेजारीच उभ्या राहा. सत्तर ते चौऱ्याहत्तर वर्षांच्या पुरुषाकडून किमान १२ वेळा, आणि तुमच्या वयाच्या, म्हणजे ६५ ते ६९ वर्षांच्या स्त्रीकडून किमान ११ वेळा अपेक्षित असते. त्याहून कमी झाले तर मांड्यांची ताकद कमी पडते आहे आणि पडण्याचा धोका सरासरीहून अधिक आहे, असे समजावे. दुसरी परीक्षा तोलाची : ओट्याजवळ उभे राहून एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या बोटांना लावायची, एका रेषेत, आणि हात न टेकता दहा सेकंद उभे राहायचे. तिसरी परीक्षा तुम्ही त्यांना न सांगताच घ्या. घरात चालता चालता त्यांना थोडा विचार करायला लावणारे काहीतरी विचारा, म्हणजे गेल्या महिन्याचे वीजबिल किती आले होते, असे. उत्तर देण्यासाठी ते चालायचे थांबतात का, हे पाहा. १९९७ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी वृद्धांच्या निवासांत नेमके हेच टिपले होते : बोलण्यासाठी ज्यांना चालणे थांबवावे लागत होते, ते पुढच्या सहा महिन्यांत इतरांपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात पडले. चालणे आणि विचार करणे ही दोन कामे मेंदूला एकाच वेळी पेलत नाहीत, याची ती खूण असते.

तालावरच्या व्यायामात तथ्य आहे का, या प्रश्नाचे उत्तर या तिसऱ्या परीक्षेपाशीच आहे, म्हणून इथे जरा थांबते.

स्वित्झर्लंडमधल्या जिनीव्हा शहरात एमिल जाक-दालक्रोझ नावाचे संगीतशिक्षक होऊन गेले (१८६५ ते १९५०). विद्यार्थ्यांना स्वर येतात, पण लय अंगात मुरत नाही, हे पाहून त्यांनी एक पद्धत बसवली. शिक्षकाने पियानोवर आयत्या वेळी सुचेल ते वाजवायचे, विद्यार्थ्यांनी त्याबरोबर चालायचे, आणि वादनात बदल झाला की चालण्यातही तत्क्षणी बदल करायचा : लय वाढली की पाऊल जलद, लय उतरली की संथ, वादन थांबले की जागच्या जागी स्थिर. पद्धत होती गाणे-वाजवणे शिकणाऱ्यांसाठी. पण पुढे जिनीव्हातल्याच डॉक्टरांनी ती ६५ वर्षांवरच्या, पडण्याचा धोका असलेल्या १३४ लोकांवर अजमावून पाहिली. त्यांतल्या एका गटाने सहा महिने आठवड्यातून फक्त एक तास असा वर्ग केला, आणि त्या काळात वर्ग न केलेल्या दुसऱ्या गटाच्या तुलनेत त्यांच्या पडण्याचे प्रमाण निम्म्याहूनही खाली आले. दुसरे काम करता करता चालण्यातही त्यांची सुधारणा झाली. हा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात भाग घेणाऱ्या बहुतेक स्त्रिया होत्या, आणि शिक्षक त्या पद्धतीत तयार झालेले होते, हेही सांगायला हवे. उद्या कुणी कोणत्याही गाण्यावर हातवारे करून घेतले तर तोच परिणाम मिळेल, असे त्यावरून म्हणता येत नाही.

माझ्या मते त्या अभ्यासातले मर्म हे आहे : तिथे संगीत करमणुकीसाठी नव्हते, ते हुकूम देत होते. कान हुकूम ऐकत होता, मेंदू निर्णय घेत होता आणि पाय तो पाळत होते, आणि हे सगळे चालता चालता. बाथरूमच्या दारात पाय घसरतो तेव्हा शरीराला नेमकी हीच घाई करावी लागते. तेव्हा तुमच्या वर्गाची परीक्षा करायची असेल तर एकच गोष्ट मनाशी ताडून पाहा : मध्येच स्पीकर बंद पडला, तर कुणाच्या पावलांत काही फरक पडेल का? पडणार नसेल, तर तो संगीताच्या तालावरचा व्यायाम नव्हे. व्यायाम चालू असताना बाजूला गाणी लागलेली आहेत, इतकेच.

ताल पायांना कसा धरतो, हे पार्किन्सन (कंपवात) झालेल्यांमध्ये सर्वात स्पष्ट दिसते. पाऊल उचलायचे आहे हे मनाला कळत असते, पण पाय जमिनीला चिकटल्यासारखा होतो; अशा वेळी बाहेरून ठोक्याचा आधार मिळाला की पाऊल निघते. संशोधक मायकल थाउट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अशा रुग्णांनी तीन आठवडे ठोक्यांच्या साथीने चालण्याचा सराव केला, आणि त्यांची चाल जलद झाली, पावले लांब पडू लागली. आपल्याकडे पुण्यात नर्तक हृषीकेश पवार यांनी पार्किन्सन्स मित्रमंडळाच्या सभासदांसाठी नृत्याचे वर्ग चालवले आहेत, ही गोष्ट यजमानांच्या कानावर जरूर घाला. तिथे येणारी माणसे हौस म्हणून रंगमंच गाजवायला येत नाहीत, चालता यावे म्हणून येतात.

राहिला फॅडचा प्रश्न. जपानमध्ये १९२८ सालापासून रेडिओवर पियानोच्या साथीने व्यायाम प्रसारित होतो. सकाळी साडेसहाला तिथले म्हातारे-कोतारे बागेत जमून तो करतात, आणि उभे राहता न येणाऱ्यांसाठी त्याचा बसून करायचा प्रकारही आहे. शंभरीला आलेल्या गोष्टीला फॅड म्हणणे अवघड आहे.

आता "या वयात नाच कसला?" याविषयी. ताई, तुमच्या पत्रातले सर्वात मोलाचे वाक्य तुम्ही सहज लिहून गेला आहात, ते म्हणजे एकादशीच्या टाळांचे. तासभर उभे राहायचे, शरीराचा भार या पायावरून त्या पायावर न्यायचा, हाताने टाळ वाजवायचा, तोंडाने धृपद धरायचे, कान बुवांच्या आवाजाकडे ठेवायचा आणि समेवर, म्हणजे ठेक्याच्या पहिल्या मात्रेवर, चुकायचे नाही : जिनीव्हातल्या लोकांना जे पियानोवर शिकवावे लागले, त्यातले बरेचसे तुमचे यजमान महिन्यातून दोनदा करतातच. वारीत हजारो वृद्ध माणसे टाळ-मृदंगावर पावली खेळतात, तेव्हा त्यांना कुणी "या वयात नाच कसला" म्हणत नाही. यजमानांना नाच आवडत नाही हे बहुधा खरे नसावे. सिनेमाच्या गाण्यावर, चार बायकांमध्ये, नातीच्या वयाच्या मुलीसमोर, न जमणाऱ्या स्टेप्स करून हसे व्हावे, हे त्यांना नको आहे. आणि ते चुकीचे आहे असे मला वाटत नाही.

म्हणून त्यांची समजूत घालण्यापेक्षा वर्गातच त्यांच्यासाठी जागा करा. संघाच्या पदाधिकाऱ्यांना आणि त्या मुलीला सुचवा की वर्गातली शेवटची दहा-पंधरा मिनिटे भजनी ठेक्यावर घ्यावीत, आणि टाळ धरायला यजमानांना बोलवावे. माझ्या पाहण्यात असे वारंवार आले आहे की व्यायामाला या म्हटले की पुरुष येत नाहीत, काम आहे या म्हटले की येतात. पहिले काही दिवस ते नुसते टाळ वाजवतील, मग वाजवता वाजवता चार पावले टाकतील.

त्या दहा-पंधरा मिनिटांत काय करता येईल, तेही सांगते. भजनी ठेका आठ मात्रांचा. संथ लयीत दर मात्रेला एक पाऊल, जागच्या जागी, मग हॉलमध्ये गोलात. समेला दिशा बदलायची, पण गिरकी घेऊन नव्हे. तीन-चार छोट्या पावलांत वळायचे. टाळ थांबला की सर्वांनी आहे तिथे थांबायचे आणि पुन्हा वाजेपर्यंत स्थिर उभे राहायचे. ज्यांचा तोल चांगला आहे त्यांनी एक टाच किंचित उचलून. भजन रंगात येते आणि ठेका दुगुणीत, म्हणजे दुप्पट लयीत, जातो, तेव्हा मोह होतो तो पायांनीही धावण्याचा. तिथे नियम असा ठेवायचा की टाळ्या दुगुणीत, पाय मात्र एकपटीतच. हाताची लय वेगळी आणि पायाची वेगळी राखणे वाटते तितके सोपे नाही, पण तोच खरा व्यायाम आहे. स्त्रियांना मंगळागौरीच्या खेळांतला झिम्मा घेता येईल. टाळीसाठी समोरच्या हाताकडे लक्ष आणि पाय तालात, असे दुहेरी काम त्यात आहे. फुगडी मात्र साठीनंतर वर्गात नको. मागे रेलून गरगर फिरताना एकीचा हात सुटला तर दोघी पडतात, आणि ज्यांना चक्कर येण्याचा त्रास आहे त्यांना ती पुढे दोन दिवस भोवते. मंगळागौरीच्या हौशी मंडळांचा रोष पत्करून हे लिहिते आहे.

तुमच्या हॉलमधल्या गतीविषयीची तक्रार रास्त आहे, आणि ती मोजून दाखवता येते. घड्याळ समोर ठेवून गाण्याच्या ठोक्यावर १५ सेकंद टाळ्या वाजवा आणि संख्येला चारने गुणा. नेटाने चालताना माणसाची मिनिटाला साधारण १०० पावले पडतात. नाचाची सिनेगीते बऱ्याचदा १३० ठोक्यांच्या आसपास किंवा त्याच्याही पुढे असतात. त्यावर दर ठोक्याला पाऊल टाकायचे म्हणजे सत्तरीच्या माणसाने जवळजवळ पळायचे. यावर तीन उपाय आहेत. एक म्हणजे मध्य लयीची गाणी निवडणे. दुसरा, जलद गाणे ठेवायचेच असेल तर दोन ठोक्यांना एक पाऊल. तिसरा, मोबाइलवरच्या काही ॲपमध्ये सूर न बदलता गाण्याची गती कमी करता येते, त्याचा उपयोग करणे. पंचविशीच्या मुलीला ते शिकवावे लागणार नाही. याशिवाय पुढची हालचाल कोणती, हे तिने निदान चार ठोके आधी सांगितले पाहिजे. तरुण माणूस पाहून लगेच करतो. वय वाढले की पाहणे, समजणे आणि करणे यांत थोडे अंतर पडते. त्या अंतरासाठी तिने जागा सोडली, की "पाऊल बसेपर्यंत पुढची स्टेप" ही तुमची अडचण बऱ्याच अंशी मिटेल.

आवाजाविषयी. शेजारच्या बाईशी बोलताना ओरडावे लागत असेल, तर स्पीकर मोठा आहे, एवढी खूण पुरे. वयोमानाने ऐकणे मंदावते ते बहुधा उंच स्वरांपासून. बोलण्यातली स, श, त, क अशी अक्षरे आधी हरवतात, आणि खालचा घुमारा मागाहून. त्यामुळे तुमच्या वर्गात अनेकांना ढोलकीचा ठोका ऐकू येत असणार, पण "डावा पाय मागे" हे शब्द येत नसणार, आणि आपल्यालाच समजत नाही असे वाटून ते गप्प बसत असणार. श्रवणयंत्र बोलणे स्पष्ट व्हावे म्हणून जुळवलेले असते; रिकाम्या, घुमणाऱ्या हॉलमध्ये मोठ्या संगीतात ते गोंगाटच वाढवते. यजमानांनी स्पीकरपासून दूर, पण शिकवणारीचा चेहरा आणि हात दिसतील असे उभे राहावे, आणि तिने दिशा हाताच्या खुणेने दाखवावी.

संगीताची एक बाजू त्याची बाजू घेणारे सहसा सांगत नाहीत, ती सांगून ठेवते. हलक्या आणि मध्यम श्रमांत संगीतामुळे थकवा कमी जाणवतो. म्हणूनच वर्ग आवडतो आणि टिकतो. पण म्हणूनच गुडघा "आता पुरे" म्हणत असताना ते आपल्याला ऐकू येत नाही. तुमचा गुडघा वर्गात दुखत नसेल आणि घरी आल्यावर दुखत असेल, तर कारण बहुधा हेच आहे. व्यायामानंतर एक-दोन दिवस मांड्या-पोटऱ्या भरून येणे स्वाभाविक आहे. मात्र सांध्याला सूज येणे, जिना उतरताना कळ येणे, किंवा दुसऱ्या दिवशी सकाळीही आदल्या दिवसापेक्षा अधिक दुखणे, ही जादा झाल्याची लक्षणे आहेत. उड्या पूर्णपणे बंद करा, गुडघे फार वाकवू नका, पाय जमिनीवर रोवून कंबरेतून वळू नका, आणि पंधरा दिवस अर्धा वर्ग उभ्याने व अर्धा खुर्चीत बसून करा. तरीही सूज राहिली तर गुडघा दाखवून घ्या.

डॉक्टरांकडच्या फेरीत यजमानांसाठी तीन गोष्टी विचारा. रक्तदाब नुसता बसून न मोजता आडवे असताना आणि उभे राहिल्यावर एका व तीन मिनिटांनी मोजावा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरत असेल, तर गोळ्यांचा आणि उभे राहताना येणाऱ्या अंधारीचा विचार करावा लागतो. बाथरूममधले पडणे निव्वळ ओल्या फरशीमुळे होते, की त्यात याचाही हात होता, हेही त्यातून कळेल. दुसरे, उभ्या उंचीवरून पडून मनगट मोडले आहे, तेव्हा हाडे ठिसूळ झाली आहेत का याची तपासणी करून घ्यावी. हा बायकांचाच आजार आहे अशा समजुतीने पुरुषांची ही तपासणी राहून जाते. तिसरे, त्या दोन गोळ्यांपैकी एखादी नाडीची गती कमी करणारी आहे का, ते विचारा. तशी असेल तर नाडी मोजून श्रमांचा अंदाज घेता येत नाही, आणि साधी बोलण्याची कसोटीच लावावी : व्यायाम करताना पूर्ण वाक्य बोलता यावे, पण गाणे म्हणायला दम अपुरा पडावा, इतपत श्रम ठीक. छातीवर दडपण, जबड्यात किंवा हातात कळ, नेहमीपेक्षा वेगळी धाप, डोळ्यांपुढे अंधारी यांपैकी काहीही झाले तर गाणे संपायची वाट न पाहता बसायचे आणि शेजारच्याला सांगायचे. दडपण किंवा धाप बसूनही ओसरली नाही, तर थेट दवाखाना गाठायचा.

हॉलची व्यवस्था मी न पाहताही दोन गोष्टी सांगते, कारण त्या बहुतेक हॉलमध्ये असतात. एक, सतरंजी. तिची दुमडलेली कड आणि खालची गुळगुळीत फरशी मिळून माणूस पाडायला पुरेशी असते; वर्गाच्या वेळी ती गुंडाळून ठेवावी. दुसरी, प्लास्टिकच्या हलक्या खुर्च्या. आधारासाठी हात टेकला की त्या सरकतात, म्हणून भिंतीला टेकवूनच वापराव्यात. सपाता नकोत, मोजे घालून तर मुळीच नको. मागून बंद असलेले, खाली न घसरणारे बूट हवेत. साडी नेसत असाल तर घोट्याच्या वर येईल अशी नेसा. दुहेरी काचेच्या चष्म्यातून पायाखालची जमीन धूसर दिसते, हेही ध्यानात असू द्या.

स्मरणशक्तीच्या दाव्याबाबत मी सावध राहीन. न्यूयॉर्कमध्ये ७५ वर्षांवरच्या ४६९ लोकांचा अनेक वर्षे मागोवा घेणारा एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यात शारीरिक हालचालींच्या छंदांपैकी केवळ नृत्याचा संबंध स्मृतिभ्रंशाच्या कमी धोक्याशी दिसला. पण तो संबंध आहे, कारण नव्हे. ज्यांचा मेंदू आधीच तल्लख आहे तीच माणसे नाचायला जात असतील, ही शक्यता त्यात उरतेच. पडणे कमी होते याला मिळालेला पुरावा स्मरणशक्तीच्या पुराव्यापेक्षा बळकट आहे, आणि वर्गाला जायला तेवढे कारण पुरेसे आहे.

त्या मुलीला सांगायचे कसे? वर्ग चालू असताना, सर्वांसमोर नको. वर्ग संपल्यावर तिला दहा मिनिटे बसवून घ्या, चहा द्या, आणि साधारण असे म्हणा : "बाळ, तू मनापासून शिकवतेस, म्हणून आम्ही येतो. पण आमच्यातल्या निम्म्यांना तुझे शब्द ऐकू येत नाहीत. आवाज कमी कर, पुढचे आधी सांग, आणि गाणी जरा संथ घे. शेवटची दहा मिनिटे आमच्या भजनाच्या ठेक्याला दे. टाळ वाजवायला माणूस आम्ही आणतो." ती ऐकेल असे मला वाटते. तिने कदाचित तरुणांचे वर्ग घेण्याचेच प्रशिक्षण घेतले असेल आणि वृद्धांचे शरीर कुणी तिला समजावून सांगितले नसेल. संघालाही सुचवा की प्रत्येक सभासदाचे आजार, गोळ्या आणि घरच्यांचा फोन क्रमांक यांची वही तिच्यापाशी असावी, आणि वर्गात तिच्याखेरीज आणखी एक धडधाकट माणूस नेहमी हजर असावा.

तिने ऐकलेच नाही, तर घरचा ओटा आहे. दोन्ही हात ओट्यावर टेकून, आवडत्या अभंगाच्या मध्य लयीवर, एका कडव्याला टाचा वर-खाली, दुसऱ्याला एकेक पाय बाजूला नेऊन परत, तिसऱ्याला आडवी पावले ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि धृपदाला खुर्चीतून उठणे-बसणे. जोर लावताना श्वास कोंडू नये म्हणून सोबत गुणगुणत राहावे. गाणाऱ्याचा श्वास अडत नाही. पंधरा मिनिटांत दोन अभंग होतात. आठवड्यातून तीन दिवस दोघांनी मिळून केले तर पुष्कळ झाले, आणि यात यजमानांना लाजण्यासारखे काही नाही, कारण पाहायला तुमच्याशिवाय कुणीच नाही.

वर्गाला ते आलेच, तर पहिले चार दिवस त्यांना भिंतीच्या बाजूला, दुसऱ्या रांगेत, हाताशी खुर्ची ठेवून उभे करा. पहिल्या रांगेतला माणूस मागच्यांना दाखवायला म्हणून नको तेवढा जोर लावतो आणि शेवटच्या रांगेतल्याला काही दिसत नाही. आणि आज खुर्चीतून ते ३० सेकंदांत किती वेळा उठले, तो आकडा दिनदर्शिकेवर आजच्या तारखेच्या चौकटीत लिहून ठेवा. आठ आठवड्यांनी त्याच खुर्चीवर, त्याच वेळी पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे मला कळवा; तुमचाही.